डोंगरातली दोन हजार वर्षांपूर्वीची होस्टेलं

परीक्षा संपत आली की होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी प्लॅन शिजतो. लडाखला जायचं! बाईकवरून उंच खिंडी ओलांडायच्या, कड्याला चिकटलेल्या गोंपा बघायच्या, लामांच्या पंगतीला बसून लोणी घातलेला खारट चहा प्यायचा. मग कोणीतरी शहाणा कागद-पेन घेऊन खर्च मांडतो आणि प्लॅन पुढच्या वर्षावर जातो. ज्यांचा प्लॅन जमतो त्यांनी जरूर जावं. ज्यांचा जमत नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे.

मित्रांनो, उंच दऱ्याखोऱ्यांतून चालत जाऊन बौद्ध मठ बघायचे असतील तर आपल्या जिल्ह्यातून निघून चार-पाच दिवसांत ते होतं. आणि हे मठ काही ‘गरिबांचं लडाख’ वगैरे नाहीत बरं का. स्पितीमधला ताबोचा प्रसिद्ध मठ इ.स. ९९६ मध्ये स्थापन झाला. जुन्नरची सगळ्यात जुनी लेणी त्याच्याही हजार वर्षं आधीची आहेत. फरक एवढाच की ताबोला आजही भिक्षू राहतात, आणि आपल्याकडच्या खोल्या रिकाम्या आहेत.

आता प्रश्न असा, की या भिक्षूंनी राहायला जागा कुठे निवडली? आपल्या डोक्यात उत्तर तयार असतं: माणसांपासून लांब, उंच शिखरावर, शांत ठिकाणी. हे उत्तर बरोबर आहे का, ते वाचून कळण्यापेक्षा चालून जास्त चांगलं कळतं. म्हणून आधी वाट सांगतो.

वाट कशी आहे?

अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंत कागदोपत्री अहमदनगर, आपल्या तोंडात कायमचं नगर) म्हटलं की दुष्काळ, ऊस आणि साखर कारखाने आठवतात. पण नकाशात डाव्या टोकाला अकोले तालुका बघा. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, तिथे आहे. रतनगड तिथे आहे आणि प्रवरेचा उगमही तिथलाच. घाटमाथ्यावर जेवढा पाऊस काही दिवसांत कोसळतो तेवढा नगर शहरात अख्ख्या पावसाळ्यात पडत नाही.

पहिला टप्पा हरिश्चंद्रगड. नगर-संगमनेर-अकोले-राजूर असं एसटीने जायचं आणि पुढे मिळेल त्या जीपने पाचनई गाठायचं. गडाच्या वाटांत ही सगळ्यात सोपी. दोन-तीन तासांत वर. गडाची उंची १४२४ मीटर. वर हरिश्चंद्रेश्वराचं दगडी देऊळ, केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभी असलेली प्रचंड पिंड, आणि कोकणकडा. कड्यावर गेल्यावर पोटावर झोपूनच खाली बघायचं, उभं राहून शायनिंग मारायची नाही. गडावर लेणीही आहेत आणि पाण्याची टाकीही; पण हा सगळा परिसर शैवांचा, आणि आपण ज्या बौद्ध मठांबद्दल बोलतोय त्यांच्यापेक्षा बऱ्याच नंतरचा. थोडक्यात, इतक्या उंचावर येऊनही आपले भिक्षू काही भेटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचं. खिंड ओलांडली की जिल्हा बदलतो, पुणे जिल्ह्याचा जुन्नर तालुका सुरू होतो. खिरेश्वरहून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेकडेने खुबी फाट्यावर या. हा कल्याण-नगर रस्ता. कल्याणकडे जाणारी एसटी पकडा, माळशेज घाट उतरा आणि वैशाखरे गावाजवळ उतरून घ्या. आत्ता कुठे चढलेलं सगळं उतरून कोकणात कशाला, असं तुमच्यातला एक जण नक्की विचारणार. त्याला सांगा, की इथून आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या हमरस्त्याने वर चढणार आहोत.

नाणेघाट : जुना टोलनाका

वैशाखऱ्याहून नाणेघाट चढायला दोन-तीन तास लागतात. वाट झाडीतून आहे आणि वरच्या टप्प्यात दगडी फरसबंदीच्या पायऱ्या लागतात. शेवटी कातळातली एक अरुंद खिंड येते आणि तिच्यातून बाहेर पडलं की सपाट पठार. डावीकडे ‘नानाचा अंगठा’, दुसऱ्या बाजूला जीवधन किल्ला आणि त्याचा वानरलिंगी सुळका. खिंडीच्या तोंडाशी एक भलामोठा दगडी रांजण आहे. घाटावरच्या जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरेने सांगतात.

सातवाहनांच्या काळात ही वाट म्हणजे देशावरून समुद्राकडे जाणारा मुख्य रस्ता होता. एका टोकाला सोपारा आणि कल्याण ही बंदरं, दुसऱ्या टोकाला गोदावरीकाठची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. मध्ये घाट चढून आल्यावर पहिलं मोठं गाव जुन्नर. जुन्नरहून पैठणला जायचं तर आजच्या नगर जिल्ह्याचा पट्टा ओलांडावाच लागतो. आपण एसटीने ज्या रस्त्याने कल्याणला जातो तोही साधारण त्याच दिशेने जातो. फक्त डोंगर चढायला नाणेघाटाऐवजी माळशेज घाट वापरतो.

खिंडीजवळच्या गुहेत तीन भिंतींना बाक कोरलेले आहेत आणि भिंतींवर मोठा ब्राह्मी शिलालेख आहे. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमाराचा. त्यात सातवाहन राणी नागनिका हिच्या घराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. आपल्यासाठी मजेची गोष्ट म्हणजे त्यातले आकडे. १७०० सारखे आकडे आहेत, दहा हजारांच्या पुढचेही आहेत, पण शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळ्या खुणा आहेत आणि त्या जोडून संख्या लिहिली आहे. भारतातल्या अंकलेखनाच्या फार जुन्या पुराव्यांत याची गणना होते. मॅथ्सने छळलेल्या मंडळींनी इथे दोन मिनिटं शांत उभं राहायला हरकत नाही.

लक्षात घ्या, हा लेख वैदिक यज्ञांचा आहे. आणि याच रस्त्यावर पुढे तीसेक किलोमीटरवर बौद्ध विहारांची अख्खी वसाहत आहे. राजघराणं यज्ञ करत होतं, त्याच राज्यात रस्त्यावरचे लोक विहारांना दान देत होते, आणि दोघांचीही वाट एकच होती.

मुक्काम पठारावरच्या घाटघर गावात करायचा. इथे एक सूचना: अकोले तालुक्यातही एक घाटघर आहे, भंडारदऱ्याजवळचं, २५० मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पाचं. जीपवाल्याला नुसतं ‘घाटघर’ म्हणालात तर तो तुम्हाला पॉवर हाऊसवर नेऊन सोडेल आणि विहारांऐवजी इंडस्ट्रियल व्हिजिट होईल.

विहार म्हणजे होस्टेलच!

घाटघरहून चावंड किल्ल्याजवळून जुन्नरला यायचं. पाय धड असतील तर चालत, नाहीतर एसटीने. आणि आता भिक्षू भेटायला लागतात. जुन्नर गावाच्या चारी बाजूंच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या घरात खोदकामं आहेत. गावाजवळ लेण्याद्री, तुळजा, शिवनेरी आणि मानमोडी असे चार मुख्य गट. भारतात एकाच गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे सापडणं कठीण.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. चैत्यगृह म्हणजे प्रार्थनेची जागा, आत दगडी स्तूप. विहार म्हणजे राहण्याची जागा. मध्ये हॉल, तीन बाजूंना खोल्या, समोर व्हरांडा, बाहेर पाण्याचं टाकं. आपल्या होस्टेलचा प्लॅन डोळ्यांपुढे आणा, फार वेगळा नाही. खोली सिंगल सीटर, आत दगडात कोरलेला ओटा हाच पलंग. काही दारांच्या चौकटीत लाकडी दाराच्या खुंट्यांची भोकं अजून दिसतात. गादी, पंखा आणि मोबाईल चार्ज करायला पॉइंट नाही, बाकी सोय आहे!

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर सातव्या क्रमांकाचं लेणं लागतं. इथेच अष्टविनायकातला गिरिजात्मज आहे. पण हा मुळात वीस खोल्यांचा विहार. मधल्या दोन खोल्या एक करून गणपतीचं स्थान झालं. हॉल पन्नास फुटांच्या आसपास लांब-रुंद आहे आणि मध्ये एकही खांब नाही! वर अख्खा डोंगर. सिव्हिलवाल्यांनी छताकडे बघून लोडचा विचार करावा आणि बाकीच्यांनी नुसतं बघावं.

भिक्षू मुळात फिरते होते. एका जागी राहायचं नाही, भिक्षा मागत हिंडायचं, असा दंडक. अपवाद पावसाळ्याचा. तीन महिने एकाच ठिकाणी मुक्काम करायचा, त्याला वर्षावास म्हणतात. सह्याद्रीचा पाऊस ज्याने एकदा अंगावर घेतलाय त्याला या नियमाचं कारण समजावून सांगावं लागणार नाही. पक्क्या छपराची गरज मुळात अशी निर्माण झाली. लडाखला जे काम हिवाळा करतो ते आपल्याकडे पावसाळा करतो.

खोदलं कसं?

सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. काही थर घट्ट आणि एकसंध, काही बुडबुड्यांनी सच्छिद्र, मध्येमध्ये लाल मातीसारखे मऊ पट्टे. कारागिरांनी घट्ट थराचा उभा कडा निवडला. बांधकामात आपण खालून वर जातो. इथे काम वरून खाली. आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन. त्यामुळे आतल्या कामाला उंच पराती लागली नाही आणि छत तासताना उभं राहायला खालचा दगडच होता. अर्धवट राहिलेली लेणी शोधा, त्यांत हा क्रम स्पष्ट दिसतो. एकदा छिन्नी जास्त चालली तर खोडरबर नाही, हेही ध्यानात घ्या.

टाक्यांचं कामही बघण्यासारखं. डोंगराच्या पोटातून झिरपणारं आणि दर्शनी कड्यावरून उतरणारं पावसाचं पाणी पन्हाळीतून टाक्यात घ्यायचं. तोंड लहान, पोट मोठं, म्हणजे ऊन कमी लागतं आणि पाणी टिकतं.

मेसचं बिल कोणी भरलं?

इथे सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. भिक्षू कमावत नव्हते. मग एवढं खोदायला पैसा कुठून आला? उत्तर भिंतींवर कोरलेलं आहे. लेण्याद्रीचं सहाव्या क्रमांकाचं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत नावाच्या माणसाने दिलं. कल्याणचा, म्हणजे आपण जो घाट चढून आलो त्याच्या पलीकडचा. मानमोडीला क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याने एक टाकं आणि मंडप दिला. जुन्नरच्याच लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी करणारे यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे फिक्स्ड डिपॉझिटची कल्पना काही नवी नाही. काही दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात, म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशी. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली आणि चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. थोडक्यात, मेस बांधून देणारा एन.आर.आय.!

या लेखांची भाषा प्राकृत, आपल्या मराठीची पूर्वज. ‘चेतियघर’ मधलं घर आपण रोज वापरतो. ‘सतगभ’ म्हणजे सात गाभारे, सात खोल्या. टाक्याला ‘पोढि’. आणि जवळपास प्रत्येक लेखात येणारा शब्द ‘देयधम’, म्हणजे धर्मासाठी दिलेलं दान.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. भिक्षूंनी जागा कुठे निवडली? कळसूबाईवर नाही, कोकणकड्यावर नाही. घाट चढून व्यापारी जिथे विसावत त्या गावाजवळ. गावाच्या गोंगाटापासून बाजूला, पण सकाळी भिक्षेला जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरावर. इतरत्रही हेच दिसतं: बोरघाटाच्या वाटेवर कार्ले आणि भाजे, थळघाट चढून आल्यावर नाशिकची त्रिरश्मी लेणी. एकांत हवा होता हे खरं, पण त्यांचा एकांत रस्त्यावर जगत होता. व्यापाऱ्याने दान द्यायचं, विहाराने आसरा आणि उपदेश द्यायचा. पुढे व्यापार मंदावला, वाटा बदलल्या, आणि इ.स.च्या तिसऱ्या शतकानंतर जुन्नरला नवं खोदकाम जवळपास थांबलं. विहार कोणी पाडले नाहीत. रस्त्यावरची ये-जा आटली आणि खोल्या रिकाम्या झाल्या.

लडाखला गेलात तर हेच डोळ्यांनी बघा. झंस्कारमधली फुगताल गोंपा गुहेच्या तोंडाशी बांधलेली आहे, पण तिचं पोट खालच्या गावांवर चालतं. जुन्नर बघून गेलेल्या माणसाला तिथली खोली परकी वाटणार नाही.

आपण काय देतो?

लेण्यांच्या भिंतींवर नावं कोरण्याची परंपरा आजही जोरात आहे! खडूने, कोळशाने, खिळ्याने. बदामात बाण, खाली दोन इनिशियल्स, आणि कधीकधी कॉलेजचं नाव आणि ब्रँचसुद्धा. जुन्नरची लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत आणि अशा विद्रूपीकरणाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. पण कायदा बाजूला ठेवा. इरिलचं नाव दोन हजार वर्षं राहिलं ते त्याने दोन टाकी दिली म्हणून. आपलं नाव कोरणाऱ्याने काय दिलं? वेफर्सचं पाकीट.

आणि ते पाकीट कुठे जातं तेही बघा. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात मुळा नदी उगम पावते. तिचं पाणी राहुरीजवळच्या मुळा धरणात येतं आणि तिथून नगर शहराच्या नळाला. नाणेघाटाजवळ उगम पावणारी कुकडी जुन्नरवरून येते, पारनेरला निघोजचे रांजणखळगे कोरते, आणि तिच्या प्रकल्पाचे कालवे श्रीगोंदा-कर्जतपर्यंत जातात. म्हणजे या वाटेवर जे आपण टाकतो ते आपल्याच पाण्याच्या वरच्या अंगाला टाकतो. गडावरच्या टाक्यात हात-पाय धुणारा ट्रेकर खालच्या ओळीत उभ्या असलेल्या दुसऱ्या ट्रेकरचं पिण्याचं पाणी नासवतो, हे तर साधं गणित आहे.

म्हणून निघणाऱ्यांसाठी चार गोष्टी:

१) नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. भर पावसाळ्यात धुक्यात वाटा चुकतात आणि ओढे अचानक चढतात. उन्हाळ्यात पाणी कमी.

२) हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. तंबू, शेकोटी, मुक्काम याबद्दल वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच पुढे जा. पाचनईहून गावातला माहीतगार दादा बरोबर घ्या आणि ठरलेले पैसे बिनबोभाट द्या. जेवण गावातच सांगा. मावशींच्या हातची नागलीची भाकरी आणि पिठलं खाल्लं की मेसवर प्रेम करणं अवघड जातं.

३) लेण्यांजवळ मधमाश्यांची मोहोळं असतात. धूर, फटाके, भडक सेंट, आरडाओरडा बंद.

४) लेण्याद्रीला कोणी गिरिजात्मजापुढे हात जोडतो, कोणी चैत्यगृहातल्या स्तूपापुढे. दोघांनाही शांतता द्या. फोटो नंतरही निघतो.

उंचीचा त्रास या वाटेवर होत नाही, हेही सांगून ठेवतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे पोचल्यावर पहिले दोन दिवस गपगुमान आराम करावा लागतो. इथे पहिल्या दिवसापासून चालता येतं.

या वेळी एक प्रयोग करून बघू. ग्रुपमध्ये माणशी एक रिकामी गोणी न्यायची आणि गडावरचा प्लॅस्टिकचा कचरा भरून खाली आणायचा. जमलं तर वनखात्याच्या परवानगीने आणि गावकऱ्यांच्या मदतीने, उन्हाळ्यात एखादं गाळाने भरलेलं टाकं उपसायचं. लेण्यांमधल्या टाक्यांना मात्र आपण हात लावायचा नाही, ते काम पुरातत्त्व खात्याचं. दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेवरून जाणाऱ्या धान्याच्या व्यापाऱ्यांना टाकं द्यावंसं वाटलं. आपल्याला निदान एक साफ करता येईल. भिंतीवर नाव नाही लिहायचं. ज्यांना यायचंय त्यांनी नावं होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लिहावीत!